संदर्भसूचीतली धनजवाली

विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेची जिल्हा फेरी यंदा आमच्या वाशीमच्या महाविद्यालयात भरायची होती. विद्यार्थ्यांच्या निबंधांची भाषा एकदा नजरेखालून घालावी, अशी विनंती प्राचार्यांनी मला केली होती. संस्कृत शिकवण्यातून निवृत्त होऊन पुष्कळ काळ लोटला असला, तरी ग्रंथालयातील खिडकीजवळचे माझे आसन अजून कोणी हलवलेले नाही. तेथेच एका दुपारी अनम आपला निबंध छातीशी धरून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

अनम ही सादिकभाईंची मुलगी. सादिकभाईंचे बाजारात शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. मुलगी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि जे काम हाती घेते ते शेवटच्या टाक्यापर्यंत नेते, हा बहुधा त्या दुकानाचाच संस्कार असावा. आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया पेरणीचे बी घरच्या घरी कसे राखतात, हा तिच्या निबंधाचा विषय होता. तो मी आधीच वाचला होता. त्यात दुरुस्ती करण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि वाचताना शेणामातीचा वास यावा इतका तो खरा होता.

"बस, बेटा," मी म्हणालो. "काय झाले?"

"गुरुजी, माझा पेपर बाद होऊन राह्यला."

तिने शेवटचे पान माझ्यापुढे ठेवले. ती संदर्भसूची होती. संगणकात एक आज्ञावली असते. तीत लेखकाचे नाव, ग्रंथ, वर्ष एवढे भरले की ती सारी सूची आपोआप अकारविल्हे लावून देते. तिच्या साह्याने अनमने ही सूची केली होती, आणि ग्रंथांच्या नोंदी स्वल्पविरामासह निर्दोष होत्या. परंतु त्या ग्रंथकारांच्या रांगेत, ‘ध’ या अक्षराखाली लिहिले होते, ‘धनजवाली. मौखिक माहिती. किन्हीराजा.’ खाली ‘र’मध्ये रिसोडवाली आणि ‘श’मध्ये शेलूवाली. या तिन्ही नावांभोवती लाल शाईची वर्तुळे होती आणि समासात शेरा होता: ‘स्रोत बनावट. धनज येथे चौकशी केली. अशी कोणी व्यक्ती नाही.’

मला हसू आवरेना. अनमच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी ते महत्प्रयासाने आवरले.

आमच्या भागात सुनेला तिच्या नावाने हाक मारण्याची रीत फारशी नाही. ती ज्या गावाहून आली त्या गावाचे नाव तिला चिकटते. धनजची लेक किन्हीराजाला नांदायला आली की ती जन्मभर धनजवाली. सासरी तिचे मूळ नाव हळूहळू कोणाच्या ओठांवर येईनासे होते. अनमनेही तिला सारे गाव ज्या नावाने ओळखते तेच नाव लिहिले; त्यात तिला वावगे काही वाटले नाही. पण या रीतीमुळे एक गोष्ट ठरलेली असते. धनजवाली ही जगात कोठेही भेटेल, फक्त धनजमध्ये भेटणार नाही. तिथल्या लेकी सगळ्याच धनजच्या. मग कोण कोणाला धनजवाली म्हणणार?

आणि चौकशी नेमकी धनजला झाली होती.

छाननीचे काम प्रा. रतनसिंग यांच्याकडे होते. हे तरुण गृहस्थ नागपूर शहरात लहानाचे मोठे झालेले, याच वर्षी आमच्याकडे रुजू झालेले आणि कामात अत्यंत काटेकोर. मी अनमला घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि प्रथा समजावून सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

"अरे देवा," ते म्हणाले. "म्हणून ते ग्रामपंचायतीतले लोक फोनवर हसत होते! मी विचारलं, तुमच्याकडे धनजवाली कोण आहे? तर तो माणूस म्हणाला, साहेब, अर्धं गाव तेच हाय, कोन्ती पाठवू?"

"मग शेरा मागे घ्याल ना, सर?" अनमने विचारले.

"‘बनावट’ हा शब्द घाईत लिहिला गेला, हे मान्य. पण नोंद तरीही चालणार नाही, अनम. संदर्भ कशासाठी देतात? उद्या दुसऱ्या कोणा अभ्यासकाला ही बाई भेटायची असेल, तर त्याला वाट सापडावी म्हणून. किन्हीराजात धनजहून आलेल्या सुना किती असतील? तुझ्याकडे हिच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण आहे का?"

"नाही, सर."

"का नाही?"

"दोन्ही हात शेणामातीत होते, सर. आजी म्हणल्या, शिकायचं असन त लिपू लाग. मग फोन कशात धरू?"

रतनसिंग सरांना हसू आले. पण ते लगेच गंभीर झाले. कपाटातून त्यांनी एक छापील पुस्तिका काढली. "हे बघ. बियाणे साठवणुकीवरच आहे. राख, कडुनिंबाचा पाला, लिंपलेली कणगी, सगळं आहे यात. या तिन्ही नोंदी काढून टाक आणि ही टाक. माहिती तीच राहते. निबंध पात्र होतो. मला तुझं नुकसान करायचं नाहीये."

ते हे सद्भावनेने बोलत होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. अनमने पुस्तिका हातात घेतली, चाळली आणि परत टेबलावर ठेवली.

"सर, माहिती तीच नाही. यात फक्त ‘राख’ लिहिलं. आजींनी सांगितलं, तुरीच्या बियाला तुराटीची राख, गवरीची नाही. अन् उन्हातून काढलेलं बी लगेच नाही भरायचं, रातभर जमिनीवर थंड होऊ द्यायचं. हे यात कुठंच नाही. अन् असतं तरी…" तिने पुस्तिका सरांकडे सरकवली. "मी हे पुस्तक वाचून नाही शिकली, सर. शिकवलं एकीनं आणि नाव घेऊ दुसऱ्याचं, हे मला जमणार नाही."

रतनसिंग सरांनी पुस्तिका उचलून पुन्हा कपाटात ठेवली.

"ठीक आहे," रतनसिंग सर म्हणाले. त्यांच्या स्वरात आता आदर होता, पण सवलत नव्हती. "मग सादरीकरणापर्यंत त्यांचं पूर्ण नाव आण आणि त्यांची संमती आण. माहिती देणारी व्यक्ती खरी आहे, हे परीक्षकांना पटलं पाहिजे. नाही पटलं, तर निबंध बाद होईल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

बाहेर येताच अनमने रूपालीला फोन लावला. रूपाली ही तिच्याच वर्गातली, किन्हीराजाची; धनजवाली तिचीच आजी. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"अवं, एवढंच? आजीचं नाव गोजराबाई हाय. टाक ना बिनधास्त!"

"असं नाही टाकता येत, रूपाली. त्यांची परवानगी पाहिजे."

"मंग ये इकडे. आजी कुठं पळून चालली?"

ज्या स्रोतावरून एवढी चर्चा झाली त्याचे एकदा दर्शन घ्यावे, असे माझ्याही मनात आले. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला गाडी बदलून आम्ही किन्हीराजाला उतरलो, तेव्हा ऊन कलू लागले होते. तुरी निघून गेलेल्या शेतांतून तुराट्यांचे भारे उभे होते. रूपालीच्या घरी अंगणात बी वाळत घातले होते, आणि भिंतीशी एक वृद्धा बी साठवायच्या, नव्याने लिंपलेल्या कणगीवरून तळहात फिरवत बसली होती. लहान मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी तिची ती हालचाल होती. ओट्यावर तिचे यजमान इंद्रभानजी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होते.

"आली काय वं अनम?" गोजराबाई म्हणाल्या. "अन् हे कोन?"

"आमचे गुरुजी, आजी."

"या बाप्पा, या. रूपाली, च्या मांड वं. मास्तर मानूस हाय, साखर बेताची टाकजो."

चहा झाला. अनमने सारी हकिगत सांगितली. धनजला फोन लावल्याचे ऐकून गोजराबाई इतक्या हसल्या, की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. मग अनमने मूळ मागणी मांडली. निबंधाच्या शेवटी गोजराबाई इंद्रभान असे पूर्ण नाव छापायचे आहे. त्यांनी हो म्हणावे.

गोजराबाईंचे हसू तिथेच थांबले.

"नाई वं माय. माह्यं नाव नोको टाकू."

"काहून, आजी?"

"थे माह्यं कुठं हाय? तुले सांगतलं मी, हे खरं. पन मले माह्या सासूनं शिकवलं. मी या घरात आली तवा मले कणगीचं तोंडही लिपता येत नव्हतं. हात धरधरून शिकवलं तिनं. आता थे मेली, अन् मी तिची विद्या माह्या नावावर चढवू? वर गेल्यावर काय तोंड दाखवू तिले?"

"मग त्यांचं नाव सांगा, आजी. मी त्यांचंही टाकते. आधी त्यांचं, मग तुमचं."

गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "सासूचं नाव सून तोंडानं घेते काय? काहीबी सांगून राह्यली ही पोट्टी."

ओट्यावरून अडकित्त्याचा आवाज थांबला. "मी सांगू काय?" इंद्रभानजी म्हणाले. "माह्यीच माय होती थे."

"तुमी गप बसा!" गोजराबाई कडाडल्या. "तुमी जनमात कधी कणगी लिपली काय? तुमाले राख न् माती वेगळी कळते काय?"

"नाव सांगाले राख कायले कळाव लागते?"

"लागते. जो शिकला त्यानंच शिकवनाऱ्याचं नाव घ्याव. तुमी सांगतलं त थे आयकीव झालं. तुमी सुपारी कातरा."

इंद्रभानजींनी माझ्याकडे पाहिले. "पाहा गुरुजी. जनमभर असंच हाय." आणि ते पुन्हा सुपारी कातरू लागले.

मी मनातून थक्क झालो होतो. प्रत्यक्ष आणि ऐकीव यांतला भेद त्या माउलीने एका वाक्यात मांडला होता. पण त्याच भेदाने अनमची वाट अडवली होती. नाव सांगण्याचा अधिकार एकट्या गोजराबाईंना, आणि नेमक्या त्यांनाच ते उच्चारता येत नाही! रूपालीलाही पणजीचे नाव ठाऊक नव्हते. घरात सारे तिला मोठीबाईच म्हणत.

अनम गुडघ्यांवर हनुवटी टेकून बराच वेळ त्या कणगीकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "आजी, तुमी आबांचं नाव कधीच घेतलं नाही?"

"घेतलं ना. उखान्यात घेतलं. लग्नात, बारशाले, हळदीकुंकवाले."

"तिथं चालते?"

"तिथं चालते. उखान्यात नावाचा मान वाढते."

"मग सासूचंही उखाण्यात घ्या ना."

गोजराबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "अवं बाई! उखाना मालकाचा असते. सासूचा उखाना कोनी आयकला काय?"

"नाही ऐकला. तुमी पहिल्यांदा घ्या."

"बोलाले लय सोपं हाय. उखाना काय असा भितीले पाठ लावून एकटीनं घेतात? त्याले चार मानसं लागते. बाया लागते. कोनी आग्रव कराले लागते."

"माणसं वाशीमला भरपूर आहेत," अनम म्हणाली. "अन् आग्रह मी करते."

गोजराबाईंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "पाहू," एवढेच त्या म्हणाल्या आणि अंगणातले बी गोळा करायला उठल्या. जाताना मात्र अनमच्या हातावर मूठभर तूर ठेवून गेल्या.

परतीच्या गाडीत अनम ती मूठ मिटून बसली होती. मी तिला म्हणालो, "आमच्याकडे मंत्र म्हणण्यापूर्वी त्याचा ऋषी कोण, छंद कोणता, देवता कोणती, हे आधी उच्चारावे लागते. ऋषीचे नाव घेताना उजवा हात मस्तकाला लावायचा, छंदाचे घेताना मुखाला, देवतेचे घेताना हृदयाला. ज्याला तो मंत्र प्रथम दिसला, त्याला नमस्कार केल्यावाचून पुढे जायचे नाही. मी हे लहानपणापासून करत आलो आहे. गोजराबाई आज तेच म्हणाल्या."

अनमचे डोळे चमकले. "गुरुजी, आमच्या दादीकडे पण असंच आहे! ताजबी दादी रिवायत, म्हणजे जुन्या थोरांची गोष्ट, सांगते ना, तर आधी अर्धा तास नावंच. यांनी त्यांच्याकडून ऐकलं, त्यांनी अमक्यांकडून, अमक्यांनी तमक्यांकडून. आम्ही लहान असताना ओरडायचो, दादी, सीधी बात पे आ ना! तर म्हणायची, बेटा, बगैर सनद की बात लावारिस होती है."

"लावारिस," मी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. सनद म्हणजे ती नावांची साखळी; तिच्याविना गोष्ट वारस नसलेली, बेवारशी. याहून नेमका शब्द मला माझ्या साऱ्या अध्ययनात सापडला नसता.

"मग एकच नाव कशाला लिहू?" अनम आता माझ्याशी कमी आणि स्वतःशी अधिक बोलत होती. "आधी सासूबाई. मग गोजराबाई. मग मी. पूर्ण साखळी लिहिते. ती आज्ञावली लेखकाला एकच चौकट देते, पण आपण का एकच द्यायचं?" तिने तिथेच, हलत्या गाडीत, नोंदीचा मसुदा केला. पहिल्या नावाची जागा तेवढी रिकामी राहिली.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृह भरले होते. बाहेरून परीक्षक म्हणून डॉ. योगिनी आल्या होत्या. शांत चेहऱ्याच्या, आणि ऐकताना मान किंचित तिरकी करण्याची सवय असलेल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. कार्यक्रम सुरू होण्याच्या थोडे आधी दारात गलबला झाला आणि रूपाली आत आली. तिच्यामागे नऊवारीतल्या, डोक्यांवर पदर घेतलेल्या स्त्रियांची एक लहानशी रांग होती. किन्हीराजाहून गाडी करून त्या आल्या होत्या. सर्वांत पुढे गोजराबाई होत्या. पहिल्या रांगेत ताजबी आधीच विराजमान झाल्या होत्या. नातीचा कार्यक्रम म्हणून त्या सकाळपासून घरात कोणाला स्वस्थ बसू देत नव्हत्या. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या बाई, इथं बसा. धनजवाली तुमीच ना?"

"मीच. अन् तुमी?"

"मी अनमची दादी. मी बाळापूरवाली."

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

"नाव घेणार ना?" ताजबींनी हळूच विचारले.

"पाहू," गोजराबाई म्हणाल्या. "एवढी मानसं पाहून जीभ टाळूले चिकटून राह्यली."

अनमचे सादरीकरण सुंदर झाले. पडद्यावर कणगीचे चित्र आले, तुराटीच्या राखेचे आले, रात्रभर गार होण्यासाठी पसरलेल्या बियाचे आले. तिने साऱ्या पायऱ्या शांतपणे उलगडल्या आणि प्रत्येक पायरीला ती कोणाकडून कळली तेही सांगितले. शेवटी संदर्भसूची पडद्यावर आली. रिसोडवाली आणि शेलूवाली यांची पूर्ण नावे त्यांच्या संमतीने तीत आली होती; धनजवालीच्या नोंदीची सुरुवात तेवढी कोरी होती.

रतनसिंग सर उठले. "निबंध उत्तम आहे. पण छाननीत मी आक्षेप नोंदवला होता, तो मला मांडलाच पाहिजे." त्यांनी धनजच्या फोनची गोष्ट कोणतीही सारवासारव न करता सांगितली, आणि सभागृहात हास्याची लाट उठली. तेही हसले. "प्रथा मला आता कळली आहे. प्रश्न एवढाच उरतो, की या ज्ञानाची मूळ व्यक्ती कोण आणि तिचे नाव काय. या नोंदीची पहिली जागा रिकामी आहे."

डॉ. योगिनींनी मान तिरकी केली. "अनम, जागा रिकामी का ठेवलीस?"

"मॅडम, कारण ते नाव सांगायचा हक्क माझा नाही. मी इकडून तिकडून विचारून लिहू शकली असती. पण ज्यांनी त्यांच्याकडून शिकलं, त्यांनीच ते नाव घ्यावं, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते बरोबर वाटलं."

"आणि त्यांनी नाव घेतलं नाही तर?"

अनमने पहिल्या रांगेकडे पाहिले. गोजराबाई मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तर जागा रिकामीच राहील, मॅडम," अनम म्हणाली. "पेपर बाद झाला तरी चालेल. दुसऱ्या कोणाचं नाव तिथं नाही येणार." मग ती मंचाच्या कडेपर्यंत आली आणि तिने हात जोडले. "आजी, मी आग्रह करते म्हटलं होतं. करून राह्यली."

ताजबींनी कोपराने हलकेच ढोसले. "उठा ना बाई. पोरीचा जीव वर-खाली होऊन राह्यला."

गोजराबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला, चहूकडे एकदा पाहिले, घरच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडे पाहावे तसे, आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"कणगीच्या तळाशी तुराटीच्या राखेचा थर,
वर कडुनिंबाचा पाला, मंग शेनामातीचा भर;
भागिरथाबाईची विद्या उतरली सुनेच्या पदरी,
इंद्रभानरावाचं नाव घेते गोजरा, धनजची लेक, किन्हीच्या घरी."

ते नाव ऐकताच माझा उजवा हात आपोआप मस्तकाला लागला. मग ज्या टाळ्या झाल्या, तशा त्या सभागृहात मी आजवर ऐकलेल्या नाहीत. किन्हीराजाच्या स्त्रिया उभ्या राहिल्या होत्या. दारातून डोकावणारे शिपाईसुद्धा टाळ्या वाजवत होते. अनमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते, आणि ती हसत होती की रडत होती हे दुरून कळत नव्हते.

"भागिरथाबाई," डॉ. योगिनींनी सावकाश नाव उच्चारले. "शिकवणारी, शिकणारी, माहेर, सासर. रतनसिंग सर, तुम्हाला हवे होते ते सारे आले. शिवाय कृतीही आली! मला पूर्ण संदर्भ असा चार ओळींत आजवर कोणी दिला नव्हता. आक्षेप आहे?"

"मुळीच नाही," रतनसिंग सर म्हणाले. ते फळ्याकडे गेले आणि त्यांनी स्वतः खडू उचलला. "सांग अनम. पहिलं नाव?"

"भागिरथाबाई, सर. दिवंगत."

‘भागिरथाबाई,’ त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले. त्याखाली ‘त्यांच्याकडून शिकलेल्या गोजराबाई इंद्रभान, किन्हीराजा (माहेर धनज)’ आणि त्याखाली ‘त्यांनी अनम सादिक हिला प्रत्यक्ष कृतीसह सांगितले.’ अक्षर न् अक्षर जपून लिहून झाल्यावर ते वळले. "सूचीत ही नोंद कोणत्या अक्षराखाली लावायची? आज्ञावली तर गोंधळून जाईल."

"भ," गोजराबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "सासू आंधी."

पुन्हा हशा पिकला. आणि मग जे घडले, त्याची अपेक्षा अनमलाही नव्हती. मागून एक सडपातळ वृद्धा उभी राहिली. "मी शेलूवाली. माह्यंही नाव त्या यादीत हाय म्हनते. लिहा मास्तर." आणि तिने आपल्या आईचे नाव आपल्या नावाआधी उखाण्यात गुंफून घेतले. ती बसते न बसते तोच रिसोडवाली उठली. "मले उखाना बनवता नाई येत बाप्पा, मी सरळ सांगते. मले माह्या मोठ्या जावेनं शिकवलं. उखाना नाई म्हनून तिचं नाव नाई, असं नोको व्हाले." तिने जावेचे नाव सरळ, मोठ्याने, सर्वांसमोर घेतले. घेऊन झाल्यावर तीच दचकली, आणि मग शेजारणीच्या खांद्यावर डोके ठेवून खळखळून हसली. रतनसिंग सरांचा खडू थांबत नव्हता. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या खडूच्या भुकटीने पांढऱ्या झाल्या होत्या. त्या काळ्या फळ्यावर, जिथे रोज परकीय ग्रंथकारांची नावे लिहिली जातात, तिथे आमच्या गावांतील, कधी कोणी कागदावर न लिहिलेल्या स्त्रियांची नावे एकाखाली एक उमटत होती, आणि प्रत्येक नावाच्या डोक्यावर तिच्या गुरूचे नाव होते.

संध्याकाळी निकाल लागला. अनमचा निबंध जिल्ह्यात प्रथम आला होता. परीक्षकांनी आपल्या अभिप्रायात लिहिले होते, की संदर्भ देण्याची ही साखळीची पद्धत इतर विद्यार्थ्यांनीही मौखिक स्रोतांसाठी अवलंबावी. रतनसिंग सरांनी मूळ प्रत मागवून घेतली, समासातला तो लाल शेरा आपल्या हाताने खोडला आणि त्यावर आपली सही केली. मग ती प्रत त्यांनी आधी अनमला न देता गोजराबाईंच्या हाती ठेवली.

गोजराबाईंना अक्षरओळख बेताचीच. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि रूपालीकडे दिली. "वाच वं. पयलं नाव कोनाचं हाय?"

"मोठीबाईचं, आजी. भागिरथाबाई."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते पान कपाळाला लावले.

गाडी प्रवेशद्वाराशी उभी होती. बायका एकेक करून चढल्या. ताजबींनी गोजराबाईंना खिडकीतून हात दिला आणि अनमला दिलेल्या तुरीवरून दोघींचे काहीतरी ठरलेही. त्या मूठभर तुरीचे बी पुढच्या हंगामात सादिकभाईंच्या परसात पेरायचे, आणि त्याची कणगी लिंपायला गोजराबाईंनी यायचे. गाडी सुरू झाली, तोच गोजराबाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि रतनसिंग सरांना हाक मारली.

"ओ सर! आता धनजले फोन लावा. म्हना, तुमची लेक सापडली!"